काळकानीची सुनावणी

रायभानची नजर एकदा एखाद्या गोष्टीवर पडली की पडली! पुन्हा बघायची गरज नाही! ही गोष्ट अख्ख्या माळटाकळीला माहीत होती, कारण रायभान स्वतःच ती दिवसातून चार वेळा सांगत असे. "आपण काय लोकांसारखं निरखत बसत न्हाई. एकदा बघितलं, खल्लास!" असं म्हणून तो डोळे बारीक करून लांब क्षितिजाकडं बघायचा. क्षितिजावर तेव्हा काही नसायचं, पण ते सांगणार कोण?

त्याच्या घरात माणसं दोन आणि डोळेही दोनच. दोन्ही रायभानचे. बायकोचे, नर्मदाबाईचे डोळे अठरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेले होते. परभणीच्या डॉक्टरांनी शंभर टक्के म्हणून दाखला दिला होता, आणि त्या दाखल्यावर तिला दर महिन्याला निराधार योजनेचं अनुदान मिळायचं. गावात सगळे त्याला पगार म्हणतात. घर रायभानच्या नावावर, मेंढरं रायभानच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव रायभानचं. तेवढा पगार मात्र नर्मदाबाईच्या नावावर होता आणि तिच्या अंगठ्याशिवाय तो निघत नव्हता. महिन्यातून एकदा ती नवं लुगडं नेसून बँकेच्या केंद्रावर जायची ती एखाद्या मुख्याध्यापिकेच्या थाटात.

मेंढरं चाळीस. ही चाळीसही तिला ओळखू यायची. एखादीच्या ओरडण्यावरून, एखादीच्या पाठीवर हात फिरवून, एखादीच्या नुसत्या चालीवरून. कोकरू जन्मलं की नर्मदाबाई ते मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "कसं हाय हो?" रायभान एक नजर टाकून सांगायचा, "भुरं हाय," किंवा "पाठीवर ठिपका हाय." मग त्यावरून नाव पडायचं. भुरी, ठिपकी, बांडी. काळकानी तर ऐन पावसाळ्यात, रानातल्या चिखलात जन्मली होती. "कान काळे हायत," रायभान म्हणाला आणि काळकानी ती काळकानीच झाली. पुन्हा बघायची गरज नव्हती!

तर फेब्रुवारीतली गोष्ट. रायभान त्या दिवशी व्यापाऱ्याची वाट बघत होता. लग्नसराई तोंडावर आलेली, त्यामुळे मेंढरं बघायला एक व्यापारी येणार असा निरोप होता. दुपारी माळावरच्या वाटेनं एक मोटारसायकल आली. रायभाननं डोळे बारीक केले.

"आला!"

"कोण?" नर्मदाबाईनं विचारलं.

"व्यापारी."

माणूस गाडी लावून जवळ आला. "नमस्कार, नर्मदाबाई इथंच राहतात का?"

"ह्यो आवाज व्यापाऱ्याचा न्हाई वाटत," नर्मदाबाई हळूच म्हणाली. "लय मऊ बोलायलाय."

"तू गप गं! मी बघितलंय न्हवं!"

तो होता गावचा नवा तलाठी, हरिओम. तिशीतला, शर्ट इस्त्रीचा, स्वभाव सरळ. वर्षातून एकदा लाभार्थ्यांची पडताळणी असते, म्हणून फॉर्मची पिशवी घेऊन घरोघर फिरत होता. त्याचं एकच चुकलं. आपण कोण ते आधी सांगितलं नाही. त्याला वाटलं, तलाठ्याला कोण ओळखत नाही!

"त्यांना कितपत दिसतं?" हरिओमनं विचारलं.

रायभान मनात हसला. वा रे वा! हा व्यापारी आधीच चौकशी करून आलेला दिसतोय! मालकीण आंधळी, म्हणजे मेंढरांची निगा नसणार, म्हणजे भाव पाडायला मोकळा! असले डाव रायभाननं चाळीस वर्षं बाजारात बघितले होते.

"काय दिसत न्हाई ते इचारा, साहेब! चाळीसच्या चाळीस ओळखती! कोण खाती, कोण रवंथ करती, कोणाला ताप आलाय, सगळं इथं बसून सांगती!"

"असं?" हरिओमनं वही काढली. वहीत लिहायलाय म्हणजे भाव लिहायलाय, असं समजून रायभानला अजून चेव आला.

"नर्मदे! काळकानी आण गं, काळ्या कानाची!"

नर्मदाबाई उठली. कळपात सरळ घुसली, दोन मेंढरांच्या पाठी चाचपल्या, तिसरीचा कान धरला आणि तिला घेऊन बाहेर आली. "शाबास!" रायभान ओरडला. हरिओम बघत राहिला. बघत राहिला तो वीस पावलांवरून, कारण त्या कळपातल्या एडक्याला, म्हणजे नर मेंढ्याला, इस्त्रीचे कपडे अजिबात आवडत नव्हते.

आता सौद्याची वेळ आली! मेंढरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. सगळ्या बाजाराला कळेल ना! रुमालाखाली एकमेकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तिथं रुमालाला दस्ती म्हणतात. रायभाननं हरिओमपाशी जाऊन खांद्यावरची दस्ती काढली, त्याच्या हातावर टाकली, खालून त्याचा पंजा पकडला आणि चार बोटं कचकन दाबली.

हरिओमनं हात ओढला. रायभानला वाटलं, भाव पडतोय! त्यानं पाचवं बोट दाबलं, वर डोळा मारला. "बोला साहेब! आपलं आपल्यातच राहील!"

हरिओमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हात सोडवला, वही पिशवीत कोंबली आणि मोटारसायकल चालू होण्याआधीच ती ढकलत पळत सुटला.

"न्हाई पटला," रायभान दस्ती झटकत म्हणाला. "लय कंजूस होता."

पुढं एप्रिलमध्ये नर्मदाबाई लुगडं नेसून बँकेच्या केंद्रावर गेली. अंगठा लावला. पगार आला नव्हता. मे महिन्यातही आला नाही. जूनमध्ये रायभान तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं कॉम्प्युटरवर बघून एका दमात सांगितलं, "बंद केलाय. चौकशी अहवाल आलाय. बाईंना दिसतं."

"काय दिसतं?"

"सगळं दिसतं! मेंढ्या ओळखतात, रंग ओळखतात. आणि हे तुम्हीच सांगितलंय की तलाठी साहेबांना!"

"मी कवा तलाठ्याला..." रायभान बोलता बोलता थांबला. तो वीस पावलांवरचा इस्त्रीचा शर्ट त्याच्या डोळ्यांपुढं आला. आता मात्र स्वच्छ दिसलं. चार महिन्यांनी!

घरी परतताना त्याला एकच घोर लागला. बायकोला काय सांगायचं? आपल्याच तोंडानं आपण तिचा पगार घालवला, आणि तोही शेखी मिरवताना! गावाला सांगत फिरणारा हा माणूस त्या दिवशी अंगणात अर्धा तास नुसता चुळबुळत बसला. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं.

नर्मदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं आदळआपट केली नाही. तेच रायभानला जास्त लागलं.

"मला दिसतं म्हणून लिव्हलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"सरकारच्या कागदावर?"

"हो गं."

तिनं हातातल्या लोकरीचा एक गुंता सोडवला. मग म्हणाली, "मंग मला कामून दिसंना?"

तिच्या आवाजात पगाराची हळहळ नव्हती. अठरा वर्षं ती ज्या अंधारात चालत होती तो अंधारच कुणीतरी खोटा ठरवला होता, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलंही नव्हतं. रायभानला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाचा राग आला.

गावात बौद्धवाड्यातली संघप्रिया तालुक्याच्या कोर्टात वकिली करायची. रविवारी आईकडं यायची. दोघं नवराबायको तिच्या दारात जाऊन बसली. संघप्रियानं सगळं ऐकलं. रुमालाचा भाग ऐकताना तिनं तोंडावर पदर घेतला, पण हसू काही पदरात मावलं नाही. मग ती एकदम गंभीर झाली.

"मामा, पगार बंद करायच्या आधी नोटीस आली होती?"

"कुणाची?"

"कचेरीची. तुमचा पगार आम्ही बंद करणार आहोत, त्याचं कारण हे, तुमचं म्हणणं काय ते येऊन सांगा, अशी."

रायभान तिच्याकडं बघतच राहिला. "अशी नोटीस आस्ती?"

"असावीच लागते! मिळणारी गोष्ट काढून घ्यायची तर आधी विचारावं लागतं. तुमच्याविरुद्ध काय लिहिलंय ते तुम्हाला दाखवावं लागतं. तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. लिहिणाऱ्याला प्रश्न विचारायची परवानगी तुम्ही मागू शकता. आणि शेवटी निकाल दिला तर का दिला, तेही लिहावं लागतं. पटलं नाही तर वर अपील!"

"सरकारला?"

"सरकारलाच!"

"म्हंजी साहेबानं नर्मदीचं ऐकायचं?"

"हो. ह्याला नैसर्गिक न्याय म्हणतात."

रायभानच्या अंगावर काटा आला. खोटं नाही, खरंच आला! त्यानं सरकार बघितलं होतं ते नेहमी काउंटरच्या पलीकडून. सरकार बोलायचं आणि आपण ऐकायचं. सरकारनं कान देऊन बसायचं आणि आपण बोलायचं, अशी काही सोय देशात आहे, हे त्याला बासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तो रात्रभर, नव्हे, चांगले तीन दिवस तेच घोळवत राहिला. भेटेल त्याला सांगायचा, "आरं, आपलं आयकल्याबिगर त्यास्नी काई करताच येत न्हाई म्हणं!" लोकांना वाटलं, मेंढरं उन्हात राखून रायभानला ऊन लागलं.

संघप्रियानं अर्ज टाकला. अहवालाची प्रत मागितली, सुनावणी मागितली. आणि काय आश्चर्य! पंधरा दिवसांत पोस्टमन आला. नोटीस! नर्मदाबाईच्या नावानं! "श्रीमती" लावून! रायभाननं कागद उलटा धरून डोळे बारीक केले, "बराबर हाय" म्हणाला आणि पोस्टमनकडूनच वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, अमुक तारखेला अकरा वाजता नायब तहसीलदारांसमोर पुराव्यासह समक्ष हजर राहावे.

"पुरावा म्हंजी?" रायभाननं विचारलं.

"ज्यावरून ठरवायचं ते," पोस्टमन म्हणाला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

ज्यावरून ठरवायचं ते! रायभान विचारात पडला. अहवालात होतं काय? काळकानी! ती ओळखली म्हणून पगार गेला. म्हणजे पुरावा कोण? काळकानी! संघप्रियानं दाखला, आधार कार्ड, डॉक्टरांचे कागद, सगळं पिशवीत घालून ठेवायला सांगितलं होतं. ते नर्मदाबाईनं घातलं. पुराव्याची तजवीज मात्र रायभाननं स्वतः केली आणि वकीलबाईला चकित करायचं म्हणून सांगितली नाही.

आता मेंढरू कधी एकटं जात नाही. काळकानीला टेम्पोत चढवली तर ती ओरडायला लागली. तिच्यासाठी भुरी चढवली. भुरीमागं तिची दोन कोकरं आपली आपणच चढली. मग एडका खाली राहून टेम्पोला टकरा द्यायला लागला, म्हणून त्यालाही घेतला. असा पाच जणांचा पुरावा घेऊन टेम्पो कचेरीच्या आवारात शिरला.

संघप्रिया पायरीवर उभी होती. तिनं टेम्पोकडं बघितलं. डोळे मिटले. परत उघडले. मेंढरं तिथंच होती.

"मामा, हे काय?"

"पुरावा!"

"अहो, पुरावा म्हणजे कागद!"

"कागद कोण मानतंय, वकीलबाई? कागदानंच तर घोटाळा केला!"

तेवढ्यात एडक्यानं आवारातल्या एका इस्त्रीच्या शर्टाला ओळखलं. हरिओम! मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. इतकंच सांगतो की सुनावणी अकराची होती, आणि हरिओम साहेब अकराला दहा कमी असतानाच आत जाऊन, दाराला आतून कडी लावून, सगळ्यांच्या आधी हजर होते.

खोलीत नायब तहसीलदार मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. शेजारी टाइप करायला मुंजाजी नावाचा कारकून. मॅडमनी आधी फाईल उलटीपालटी केली.

"पगार बंद करण्यापूर्वी यांना नोटीस दिलेली दिसत नाही."

"नाही मॅडम," मुंजाजी म्हणाला.

"का?"

मुंजाजी छताकडं बघायला लागला. मॅडमनी काहीतरी लिहिलं. रायभाननं संघप्रियाच्या कानात विचारलं, "आपल्याबद्दल लिव्हायल्यात का?" "नाही मामा, त्यांच्याच कचेरीबद्दल." रायभान चाट पडला. सरकार सरकारचीच चूक लिहून ठेवतंय! त्यानं नकळत हात जोडले.

"नर्मदाबाई," मॅडम म्हणाल्या, "तुमचं म्हणणं सांगा. सावकाश. मुंजाजी, त्या बोलतील ते जसंच्या तसं लिहा."

नर्मदाबाई उभी राहिली. आवाजाच्या दिशेला तिनं तोंड केलं. पहिल्यांदा थोडी अडखळली.

"मॅडम, पगाराचं काय, आला तर आला. पण मला दिसतं म्हणून लिव्हलंय, त्ये खोडा. माझी शिवकन्या पूर्णेला दिल्याली हाय. तिची लेक साक्षी, सा वर्साची झाली. मी तिला हातानं बघितलंय. नाक माझ्यावानी हाय, केस कुरळे हायत. दात पडलाय म्हणाली तर बोट घालून बघितला. मला दिसत आस्तं तर म्या पैलं तिला बघितलं आस्तं. मेंढरं मागून."

खोलीत नुसता मुंजाजीच्या बोटांचा आवाज येत होता. एकेक शब्द उमटत होता. दात पडल्याचासुद्धा! रायभानचे डोळे भरून आले. या बाईचं बोलणं त्यानं चाळीस वर्षं ऐकलं होतं, म्हणजे निम्मं ऐकलं होतं, आणि आज ते सरकारी कागदावर चाललं होतं, "श्रीमती" लावून. त्याला वाटलं, आपण देवळात उभे आहोत.

मग संघप्रियानं अहवाल वाचून दाखवायला सांगितलं. मुंजाजीनं वाचला. "सदर महिलेने काळ्या कानाची मेंढी कळपातून अचूक ओळखून पकडून दाखविली. सबब तिला रंगही स्पष्ट दिसतात. तसेच पतीने रुमालाखाली हात धरून लाच देण्याचा संशयास्पद प्रयत्न केला."

"लाच!" रायभान ताडकन उठला. "मॅडम, म्या देत नव्हतो, मागत होतो!"

संघप्रियानं त्याला शर्टाला धरून खाली ओढलं.

"म्हंजी भाव मागत होतो! त्यास्नी व्यापारी समजलो मी! मेंढराचा भाव दस्तीखालीच करत्यात, मॅडम, तुमास्नी ठाव न्हाई..."

"मला ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. चष्म्याच्या वरून त्यांनी बघितलं. "माझे वडील बैलांचा व्यापार करायचे. किती बोटं दाबलीत?"

"पाच!"

"फार मागितलेत," मॅडम म्हणाल्या आणि परत फाईलीत बघायला लागल्या. हरिओमनं दीर्घ श्वास सोडला. बिचारा इतके महिने ती पाच बोटं मनात घेऊन फिरत होता.

संघप्रिया त्याच्याकडं वळली. "साहेब, तुम्ही मेंढीचे कान जवळून बघितलेत?"

हरिओम प्रामाणिक माणूस. "नाही. एडका होता. मी वीस पावलांवर होतो. पण हे काळकानी म्हणाले, बाईंनी बरोबर तीच आणली."

"तीच आणली हे कसं कळलं?"

"हे म्हणाले की, शाबास!"

"मॅडम!" रायभान परत उठला. आता त्याला कोण थांबवणार! "कशाला वाद? पुरावा भायेरच उभा हाय!"

मॅडमना एकदा खिडकीतून बाहेर बघावं लागलं. मग त्यांनी पेन ठेवलं. "आणा," त्या म्हणाल्या. "एडका सोडून."

चार मेंढरं आत आली. एका कोकरानं टेबलाखाली जाऊन मुंजाजीच्या पायाशी मुक्काम ठोकला. भुरीनं फरशीवर लेंड्या टाकून हजेरी लावली.

"नर्मदाबाई, यातली काळकानी कोणती?"

संघप्रियाचा चेहरा उतरला. रायभानला तो दिसला नाही, पण नर्मदाबाई पुढं सरकली तेव्हा त्याच्याही डोक्यात एकदम उजेड पडला. अरे देवा! हिनं बरोबर ओळखली तर हरिओमचंच खरं ठरणार! आपण पुरावा आणला तो कुणाचा? त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, चुकीची धर गं, भुरीला धर! पण नर्मदाबाईला मेंढरांच्या बाबतीत खोटं बोलता यायचं नाही. तिनं एका पाठीवरून हात फिरवला, दुसरीचा कान चाचपला आणि हसून म्हणाली, "हीच की! कानाच्या मुळाशी गाठ हाय हिच्या. काळकानी."

हरिओमनं मान हलवली. बघा, असं तो काही बोलला नाही, पण मान बोललीच. रायभान घामाघूम झाला. सरकारनं बोलावलं, सरकारनं ऐकलं, आणि आता आपणच दोनदा बुडवलं.

मॅडम मात्र मेंढीकडं बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नर्मदाबाई, हिचे कान कसे आहेत?"

"काळेभोर, मॅडम."

संघप्रियानं मेंढीकडं बघितलं. हरिओमनं बघितलं. मुंजाजी टाइप करायचा थांबून टेबलावरून वाकला. मेंढीचे दोन्ही कान पांढरेशुभ्र होते. दुधासारखे! त्यावर एक काळा केस सापडेल तर शपथ!

"तुम्हाला कुणी सांगितलं काळे आहेत म्हणून?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"ह्यांनी. जलमली त्या दिवशी."

सगळ्यांच्या माना रायभानकडं वळल्या.

"काळेच हायत की!" रायभान म्हणाला. त्यानं डोळे बारीक केले. अजून बारीक केले. मेंढी दोन हातांवर होती. "म्हंजी... काळेच दिसायल्यात."

"मामा," संघप्रिया म्हणाली, "ही कुठं जन्मली होती?"

"रानात. चिखलात. लय पाऊस..." रायभानचं वाक्य तिथंच अडकलं. परभणीकडची माती! काळीभोर, चिकट, कोकराच्या कानाला लागली तर कान काळेच दिसणार! त्यानं एकदा बघितलं होतं. पुन्हा बघायची गरज नव्हती. गावात कुणी कधी बोललं नाही, कारण लोकांच्या मेंढराचं नाव कोण तपासायला जातो? गावात सुंदराबाई आहेत, त्यांनाही कुणी काही म्हणत नाही.

नर्मदाबाई काळकानीचा कान हातात धरून उभी होती. "मंग कसले हायत?"

"पांढरे आहेत, मावशी," हरिओमच म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "एकदम पांढरे. मॅडम, माझं चुकलं. मी जवळ जाऊन बघायला पाहिजे होतं. आणि आधी त्यांना विचारायला पाहिजे होतं."

"पांढरे!" नर्मदाबाई म्हणाली. तिनं कान परत चाचपला, जणू आता रंग हाताला लागेल. "चार वरसं मी हिला काळी म्हणून वागिवली. आन् ही एवढी देखणी हाय व्हय!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मुंजाजीला निकाल सांगायला सुरुवात केली. "लाभार्थीस पूर्वसूचना न देता व म्हणणे न ऐकता अनुदान बंद केले, सबब तो आदेश रद्द. लाभार्थी मेंढी स्पर्शाने व आवाजाने ओळखते. तिला रंगाचे ज्ञान केवळ पतीच्या सांगण्यावरून आहे व ते चुकीचे आहे, यावरून तिला दिसत नाही हे सिद्ध होते. 'महिलेस दिसते' हा शेरा खोडण्यात यावा. अनुदान बंद झाल्या महिन्यापासून सुरू करावे."

नर्मदाबाईनं "खोडण्यात यावा" ऐकलं आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. रायभाननं तिचा दुसरा हात धरला. रायभानला वाटलं, हे कागद किती मोठे असतात! एका ओळीनं माणसाचा अंधार काढून घेतात आणि एका ओळीनं परत देतात. पण परत देण्यासाठी कुणीतरी समोर बसून ऐकावं लागतं. हे ऐकणं कायद्यात लिहून ठेवणारा कोण असेल? कोणी का असेना, त्याच्या पाया पडावं असं त्याला वाटलं.

"अजून एक मुद्दा," मॅडम म्हणाल्या. "लिहा. लाभार्थीच्या पतीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असण्याची दाट शक्यता असल्याने त्यांनी सात दिवसांत नेत्रतपासणी करून घ्यावी."

"हां?" रायभान दचकला. "हे कामून? माझी नजर..."

"मामा," संघप्रिया हसू दाबत म्हणाली, "पटलं नाही तर वर अपील करता येतं."

बाहेर आल्यावर रायभान तोऱ्यातच चालला होता. एका हातात निकालाची प्रत, एका हातात काळकानीची दोरी. "मोतीबिंदू म्हणं! आगं, मी हितून त्या झाडावरचं पाखरू सांगतो! ह्या निकालाचा पैला भाग लय भारी हाय, मॅडम देवमाणूस हाय, पण शेवटच्या ओळीवर मी अपील करणार! मला नोटीस कुठं दिली? माझं कुठं आयकलं?" असं म्हणत त्यानं दोरी सोडली, टेम्पोच्या फळीला हात लावला आणि टांग टाकून वर चढून ऐटीत बसला. "चल, बस!"

नर्मदाबाई खालीच उभी होती. एका हातानं भुरी धरलेली, दुसऱ्या हातानं काळकानीचा पांढरा कान.

"करा की अपील," ती म्हणाली. "पर आगूदर खाली उतरा. आपला टेम्पो ह्या अंगाला हाय. त्यो कांद्याचा हाय."